लाल बोर्डाचे चोवीसशे

१

गुरुवारी दुपारी मालिनीताईंनी माझ्यासमोर जे मुद्रित ठेवले, त्यात एका मुलाची अब्रू चार ओळींत गेली होती.

'एप्रिल अंकातील मदरबोर्डांच्या तुलनेत लाल बोर्डाचा आकडा आमचे परीक्षक सम्यक खरात यांनी हेतुपुरस्सर वाढवून दिल्याचे फेरचाचणीत आढळले आहे. त्यांना कामावरून दूर करण्यात आले आहे. वाचकांची आम्ही क्षमा मागतो.'

मी 'संगणक सोबती' या मासिकाची मुद्रिते तपासतो. अंबरनाथच्या एका रसायन कारखान्याच्या ग्रंथालयात एकतीस वर्षे काढली आणि निवृत्त झाल्यावर इथे आलो. संगणक मला नीटसा चालवता येत नाही. त्याविषयीचे मराठी मला तपासता येते असे मालिनीताई मानतात. मला स्वतःला तेवढीही खात्री नसते. त्यामुळे त्या चार ओळी मी तीनदा वाचल्या आणि चुका नाहीत असे म्हणालो. मग पेन खाली ठेवले, पुन्हा उचलले. सही काही होईना.

मालिनीताई मासिकाच्या संपादक आणि मालकही. अंबरनाथ पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांनी सात वर्षे हे मासिक चालवले आहे. मी गप्प बसलो आहे हे पाहून त्या म्हणाल्या, "पंत, शनिवारी दुपारी पानांचा फॉर्म छापायला जाणार. तोपर्यंत तुम्हाला काही सापडलं तर सांगा. मला आनंदच होईल."

त्यांचा आवाज आनंदाचा नव्हता. सम्यकला मशिनींजवळ त्यांनीच बसवले होते. जेमतेम तेवीस वर्षांचा मुलगा.

मी काही शोधून काढीन असे त्यांना वाटत नव्हते. मलाही वाटत नव्हते. पण ते मुद्रित मी सही न करता पिशवीत टाकले, आणि त्या क्षणापासून माझे स्वस्थ बसणे गेले.

२

प्रकरण असे होते. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. कंपनी त्याला एक वेग ठरवून देते, पण पोरांना तो त्याहून जास्त वेगाने पळवायचा असतो. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तो किती पळेल हे बरेचसे त्याच्याखालच्या मदरबोर्डवर अवलंबून असते. म्हणून सम्यकने मार्चमध्ये लाल, निळा आणि हिरवा असे तीन कंपन्यांचे तीन बोर्ड घेतले आणि एकच प्रोसेसर आळीपाळीने तिन्हींवर चढवला. वेग थोडा थोडा वाढवत न्यायचा, मशीन तासभर सलग अवघड गणिते करत राहिले तर तो वेग खरा. मध्येच बंद पडून पुन्हा चालू झाले, तर खाली उतरायचे.

अठराशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर निळ्यावर बावीसशेपर्यंत गेला. हिरव्यावर एकवीसशे पन्नास. लाल बोर्डावर चोवीसशे.

अंक निघाला. कल्याणपासून कर्जतपर्यंतच्या पोरांनी लाल बोर्ड घेतले, आणि आठवड्याभरात तक्रारी सुरू झाल्या. कुणाचाच बोर्ड एकवीसशेच्या पुढे जाईना. मालिनीताईंनी अनीशकडून मंगळवारी फेरचाचणी करून घेतली. अनीश हा त्यांच्या बहिणीचा मुलगा. मासिकातले बरेच लेख तो लिहितो, मुखपृष्ठही तोच ठरवतो. तोच प्रोसेसर, तेच बोर्ड, तीच खोली. निळा बावीसशे. लाल एकवीसशे पन्नास.

मला पहिल्यांदा उन्हाचा संशय आला. मार्चपेक्षा एप्रिल तापलेला. तसे मी चाचरत बोलून दाखवले.

"मग निळासुद्धा खाली यायला हवा होता," मालिनीताई म्हणाल्या. "तो मार्चमध्ये बावीसशे, आत्ताही बावीसशे. घसरला तो फक्त लाल."

बोर्ड बदलला असेल, असे मी म्हणालो. त्यांनी कपाटातून लाल बोर्ड काढून दाखवला. त्यावरचा चिकटपट्टीचा क्रमांक लेखातल्या फोटोत स्पष्ट दिसत होता. तोच होता.

"आणि चाचण्यांचं रजिस्टर?" मी विचारले.

त्यांनी कपाट पुन्हा बंद केले. "तेच तर. नाहीये. तक्रारी आल्या त्या आठवड्यात कपाटातून गेलं. किल्ली तिघांकडे असते, मी, अनीश आणि सम्यक."

पलीकडच्या टेबलावरून अनीश म्हणाला, "काका, सोडा ना. तो मुकेशभाईच्या दुकानात दोनदा दिसला. लाल बोर्ड कोण विकतं इथे? मुकेशभाईच. आता यात काय शोधायचं?"

३

उल्हासनगर कॅम्प चारमध्ये सम्यकचे घर शोधायला मला पाऊण तास लागला. दोनदा वाटले, परत जावे. मी कोण विचारणारा? पण पिशवीत ते मुद्रित होते.

दार त्याच्या आईने उघडले. यशोधराबाई एका नर्सिंग होममध्ये कामाला आहेत. ड्यूटीवर निघण्याच्या तयारीत होत्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेब, खाली सम्यकच्या पदविकेचे प्रमाणपत्र. त्यांनी पाणी दिले आणि मी काही बोलायच्या आत विचारले.

"नाव छापणार का हो त्याचं?"

मी होय म्हणालो. खोटे बोलता आले नाही.

त्यांनी मग शांतपणे सांगितले की पुण्यातल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये सम्यकची निवड झाली आहे. मेच्या दहा तारखेला रुजू व्हायचे. आधीच्या कामाचे पत्र मागितले आहे, आणि त्या सेंटरमध्ये 'संगणक सोबती' दरमहा येतो. एवढे सांगून त्या कामावर गेल्या. जाताना मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. तो मान खाली घालून बसला होता.

मी प्रश्न विचारायला घाबरत होतो. उत्तरे द्यायला तो कंटाळला होता. तरी हळूहळू सांगू लागला. आधीच्या आखणीत लाल बोर्ड पहिला होता, बुधवारी. पण तो आलाच नव्हता. मुंबईहून माल उशिरा येतोय, गुरुवारी संध्याकाळी मिळेल, असे अनीशने सांगितले. म्हणून बुधवारी निळा, गुरुवारी हिरवा, शुक्रवारी लाल असे झाले. मी ते चिठ्ठीवर टिपून घेतले.

रजिस्टर त्याने नेले नव्हते. उलट, ते सापडले तर सुटेन असे त्याला वाटत होते. प्रत्येक प्रयत्न तारीखवार लिहिला होता.

विजेचे काय, असे मी विचारले, कारण आमच्याकडे वीज कधी भरवशाची नसते. तो म्हणाला, मशीन यूपीएसवर होते, वीज गेली तरी फरक पडत नाही. मी मान हलवली. तेवढ्याने माझे समाधान झाले, आणि ही माझी पहिली चूक.

निघताना त्याला विचारले, मुकेशच्या दुकानात दोनदा कशाला गेला होता.

"विचारायला," तो म्हणाला. "काका, तो आकडा मी डोळ्यांनी बघितलाय. तासभर बघत बसलो होतो. मग लोकांकडे का येत नाही? माल बदलला का, एवढंच विचारायला गेलो. आता मलाच कळेना झालंय, मी खरंच बघितलं का काय."

हे वाक्य मला फार लागले. स्वतःवरचा असा अविश्वास मला जन्मभर सोबत आहे. पण तेविसाव्या वर्षी तो मलाही इतका नव्हता.

४

मुकेशभाईंचे दुकान तिथून दोन गल्ल्या पुढे. छोटेसे, छतापर्यंत खोक्यांनी भरलेले. मुकेशभाई गोरेपान, पोट सुटलेले, दोन्ही कानांना दोन मोबाइल. मी आल्याचे कारण सांगताच हसले.

"अंकल, बसा तर. मी त्याला पैसे खिलवणार? अहो, तो मला नडतो. फेब्रुवारीत माझ्या मॉनिटरला काय लिहिलं त्याने, माहितीये? 'आरशासाठी उत्तम.' तीन महिने माल पडून आहे माझा."

ते मुद्रित मीच तपासले होते. मला ते वाक्य तेव्हा आवडलेही होते. हे मी मुकेशभाईंना सांगितले नाही.

ते बोलतच होते. लाल बोर्ड परत घेऊन घेऊन जीव मेटाकुटीला आलाय, रोज पोरे येऊन भांडतात, आणि लोक म्हणतात मी सेटिंग केली. सम्यक आला तेव्हा त्यालाही त्यांनी सांगितले होते, सगळा माल एकाच लॉटचा, टेस्टिंगला दिलेला तुकडासुद्धा त्याच खोक्यातला.

मी सहज म्हणालो, तो तुकडा उशिरा मिळाला ना, गुरुवारी.

"गुरुवारी? कोण बोललं?" त्यांनी गल्ल्याखालून डिलिव्हरीची वही काढली. पाने उलटत गेले आणि बोट ठेवले. "हे बघा. सात मार्च. सोमवार सकाळ. सही बघून घ्या."

सही अनीशची होती.

बोर्ड सोमवारी अंबरनाथला पोचला होता, आणि गुरुवार संध्याकाळपर्यंत तो नाहीच असे सांगितले गेले होते. का? त्या चार दिवसांत अनीशने बोर्डाला काही केले असेल का? पण बोर्ड तर तोच, आणि त्याच बोर्डाने मंगळवारी मान टाकली होती. केलेली करामत महिन्याभरात विरून जात नाही. मी रस्त्यावर उभा राहून विचार करत होतो, आणि रिक्षावाले भोंगे वाजवत होते.

५

बदलापूरला शिरगावातल्या घरी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा मी मालिनीताईंकडून मागून आणला होता. पत्रे जमिनीवर पसरली आणि जन्मभराच्या सवयीने लावायला घेतली. तारखेने लावली, काही दिसले नाही. नावाने लावली, काही दिसले नाही. मग गावांप्रमाणे लावली.

एकूण तेवीस पत्रे. तक्रारीची सतरा, आणि ती सगळी आमच्याच पट्ट्यातली: उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, थोडी कल्याणची. उरलेली सहा नाशिक, कोल्हापूर, पुण्याची. त्यांत तक्रार नव्हती, म्हणून कार्यालयात कुणी ती पुरती वाचलीच नव्हती. वरच्या कोपऱ्यात 'अभिनंदन' असे लिहून बाजूला टाकली होती.

नाशिकच्या एका गृहस्थांनी लिहिले होते की लाल बोर्डावर चोवीसशे मिळाले, आभारी आहे. शेवटी दोन ओळी जास्त होत्या. 'मात्र माझ्या भावाच्या निळ्या बोर्डावर तोच प्रोसेसर तितकाच पळतो. आपण निळ्याला बावीसशे का दिलेत, हे कळले नाही.'

मी उठलो, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, पुन्हा बसलो. आम्ही सगळे उलटे बघत होतो. लाल बोर्डाचा आकडा फुगलेला नव्हताच. बाकीचे सगळे आकडे दबलेले होते. आमच्या पट्ट्यात काहीतरी होते, जे प्रत्येक बोर्डाचे पाय ओढत होते, आणि मार्चमधल्या त्या एका दिवशी त्याने लाल बोर्डाला मोकळे सोडले होते.

ते काय, हे मला समजत नव्हते. पण अनीशने तो बोर्ड चार दिवस का दाबून ठेवला असावा, याचा विचार करता करता मला एप्रिलचे मुखपृष्ठ आठवले. लाल बोर्डाचे मोठे चित्र आणि खाली 'ओव्हरक्लॉकिंगचा राजा'. मुखपृष्ठ रंगीत असते; ते मुंबईच्या दुसऱ्या छापखान्यात, आतल्या पानांच्या पंधरा दिवस आधी छापून घेतात. नेहमीची पद्धत.

तपासलेल्या प्रत्येक मुद्रिताची एक प्रत मी घरी ठेवतो. ट्रंक उघडली. मुखपृष्ठाचे मुद्रित वरच होते. खाली माझी सही आणि तारीख: दोन मार्च.

चाचण्या नऊ मार्चला सुरू झाल्या होत्या. राजा आठवडाभर आधीच ठरला होता, आणि त्याच्यावर शिक्कामोर्तब मी केले होते.

६

शुक्रवारी सकाळी नऊलाच कार्यालयात गेलो. मालिनीताई यायच्या होत्या. जिन्यावर कौसाबाई भेटल्या. इमारतीची साफसफाई आणि पाण्याची मोटर त्या बघतात. पायऱ्यांवरून पाण्याचा ओघळ वाहत होता. गच्चीवरची टाकी भरून सांडत होती, आणि तरीही त्या तिसऱ्या मजल्यावरचे पिंप भरत होत्या.

पाणी वाया चालले आहे, असे मी जरा भीत भीत म्हणालो.

"जाऊ दे जरासं," त्या म्हणाल्या. "आजच भरून घ्यायचं असतं, भाऊ. रोज मोटर नुसती घुंघुं करती, पाणी वर चढतच नाय. दुसऱ्या मजल्यापर्यंत येतं आन् बसतं. शुक्रवारी कसं सरसर येतं बघा."

"शुक्रवारीच का?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मला लाज वाटली. "कंपन्या बंद ना आज."

मी कठड्याला धरून उभा राहिलो. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना आमच्याकडे रविवारी नाही, शुक्रवारी सुट्टी असते. सगळ्या पट्ट्याला हे ठाऊक आहे. एकतीस वर्षे दर शुक्रवारी मी स्वतः घरी बसून पुस्तके वाचली. सहा दिवस मोठमोठी यंत्रे वीज ओढून घेतात आणि आमच्या वस्त्यांत उरलेली पातळ वीज येते. सातव्या दिवशी ती पूर्ण दाबाने येते.

खालच्या झेरॉक्सवाल्याच्या स्टॅबिलायझरवर काटा होता. मी जाऊन पाहिला: दोनशे अठ्ठावीस व्होल्ट. काल किती होते, असे विचारले. तो म्हणाला, रोज एकशे सत्तरच्या वर जातो कुठे, म्हणून तर स्टॅबिलायझर घेतला.

मी चिठ्ठी काढली. बुधवार निळा, गुरुवार हिरवा, शुक्रवार लाल. फेरचाचणी मंगळवारी.

वर जाऊन मी सम्यकला फोन केला आणि म्हणालो, लगेच ये. मग खुर्चीत बसलो आणि हे सगळे चुकीचे असेल तर, या विचाराने घामाघूम झालो.

७

मालिनीताईंनी माझे बोलणे उभ्यानेच ऐकले. यूपीएस होता, त्यांनीही आठवण दिली. नुकताच येऊन दारात थांबलेल्या सम्यकने उत्तर दिले. तो म्हणाला की वीज पूर्ण गेली तरच आपला यूपीएस बॅटरी लावतो. वीज कमी दाबाने आली तर तशीच पुढे सोडतो. आणि कॅबिनेटबरोबर आलेला आपला पॉवर सप्लाय स्वस्तातला. प्रोसेसर जास्त पळवला की तो जास्त वीज मागतो, आणि ती पुरत नाही. मशीन बंद पडते. दोष बोर्डाचा वाटतो.

"माझ्या डोक्यातच आलं नाही, ताई. घरीसुद्धा पंखा शुक्रवारी जोरात फिरतो. रोज बघतो मी."

मालिनीताई म्हणाल्या, हे बोलणे झाले, पुरावा हवा. मी म्हणालो, आज शुक्रवार आहे. निळा बोर्ड बावीसशेवर दोनदा थांबला आहे. आज तोच चढवून बघू.

तेवढ्यात अनीश आला. काय चालले आहे ते कळल्यावर त्याने पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "आज कशाला? मला दोन पानं संपवायचीत. उद्या सकाळी करू ना आरामात."

मी आयुष्यात फार कमी वेळा कुणाला तोंडावर काही म्हटले आहे. "उद्या शनिवार आहे," मी म्हणालो.

अनीशचा चेहरा उतरला. मालिनीताईंनी ते पाहिले. त्यांनी दोघांनाही मशीनपासून लांब उभे केले, बाह्या सरसावल्या आणि स्क्रू ड्रायव्हर स्वतः हातात घेतला. मासिक सुरू केले तेव्हा सगळी मशिनी त्याच जोडत. निळा बोर्ड बसवला, प्रोसेसर चढवला. सम्यक हात पाठीमागे बांधून उभा होता आणि तिथूनच आकडे सांगत होता. दोन हजार. बावीसशे. तेवीसशे.

साडेदहाला त्यांनी चोवीसशे लावले आणि घड्याळ लावले.

त्या तासात मी काय काय केले ते सांगण्यासारखे नाही. तीनदा जिना उतरलो. झेरॉक्सवाल्याचा काटा पाहिला. एकदा दिवा किंचित मंदावला आणि मी मशीनकडे धावलो. पंख्याचा आवाज बदलला की आम्ही तिघेही माना वर करत होतो. अनीश मात्र खिडकीतून बाहेर बघत होता. त्याला निकाल माहीत होता.

साडेअकराला मशीन अजून गणिते करतच होते.

८

"सोमवारी आलेला बोर्ड तू शुक्रवारपर्यंत का ठेवलास?" मालिनीताईंनी अनीशला विचारले. डिलिव्हरीच्या वहीतल्या सहीचे मी त्यांना सांगितले होते.

त्याने एकदम सगळे सांगितले. इंटरनेटवर परदेशातल्या पोरांनी लाल बोर्डाचे कौतुक केले होते. ते वाचून त्याने मुखपृष्ठ करून टाकले. छापून झाल्यावर त्याला धास्ती बसली, चाचणीत दुसराच जिंकला तर? तो या मशीनवर गेम खेळत असे. रोज ते मध्येच बंद पडायचे. शुक्रवारी कधी नाही.

"का ते नव्हतं माहीत मला, मावशी. मला वाटायचं, शुक्रवार लकी आहे. म्हणून लाल शुक्रवारी ठेवला. मी आकडा बदलला नाही. फक्त दिवस बदलला."

मालिनीताईंनी रजिस्टर मागितले. त्याने पिशवीतून काढून दिले. तारखा कुणी वारांशी जुळवून पाहील या भीतीने त्याने ते नेले होते. बुधवारच्या पानावर 'लाल' हा शब्द खोडून सम्यकने 'निळा' लिहिले होते, आणि शेजारी लिहिले होते: 'लाल आला नाही, अनीशकडून कळले.'

"आणि सम्यकवर आलं तेव्हा?" त्या म्हणाल्या.

"वाटलं, तो पुण्याला चाललाच आहे."

मी मुखपृष्ठाचे मुद्रित काढून मालिनीताईंपुढे ठेवले आणि दोन मार्चची माझी सही दाखवली. चाचणीच्या आधी राजा छापला जात होता आणि मी फक्त अक्षरे पाहिली, असे म्हणालो. त्यांनी ते बाजूला सरकवले. ती पद्धत माझीच होती, म्हणाल्या.

मग त्यांनी मला नवे निवेदन लिहायला सांगितले. विजेच्या दाबामुळे तुलना चुकली, मासिक क्षमा मागते, एवढेच. कुणाचे नाव नको. प्रकरण घरातल्या घरात मिटू दे. मलाही ते बरे वाटले. मला भांडणे सोसत नाहीत. मी दोन ओळी लिहिल्याही.

"ताई," सम्यक म्हणाला. तो अजून तिथेच, हात मागे बांधून उभा होता. "काल माझं नाव घालताना कुणाला अडचण आली नव्हती."

मालिनीताईंनी वर पाहिले.

"पानावर छापलं नाही, पण कॅम्प चारमध्ये माझं नाव सगळ्यांनी घेतलंय. मुकेशभाईच्या दुकानात पोरं मला बघून गप्प होतात. अनीशचं नाव घाला, नका घालू, ते तुमचं बघा. माझं घाला. मी लिहिलेला एकही आकडा खोटा नव्हता, हे माझ्या नावासकट घाला."

मी माझ्या दोन ओळी खोडल्या. त्या सभ्य होत्या, आणि चूक होत्या. मालिनीताईंकडे पाहिले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "तिघांची नावं घाला, पंत. त्याचं, अनीशचं आणि माझं. कुणी काय केलं ते सरळ."

मी लिहू लागलो. सम्यकने आता हात सोडले आणि मशीनकडे गेला. संध्याकाळपर्यंत वीज अशीच राहील, लाल आणि हिरवा आजच करून घेऊ, म्हणजे तक्ता एकाच दिवसाचा होईल, असे तो म्हणाला. कुणाची परवानगी मागितली नाही. अनीशला म्हणाला, स्क्रू धर. अनीशने धरले.

साडेतीनपर्यंत दोन्ही झाले. लाल चोवीसशे. हिरवा, ज्याच्याकडे महिनाभर कुणी ढुंकून पाहिले नव्हते, चोवीसशे पन्नास.

सम्यकने रजिस्टरमध्ये आकडे लिहिले आणि वाराचा नवा रकाना आखला. पुण्याला द्यायचे पत्र मालिनीताईंनी स्वतः टाइप केले. सही करून ते त्याच्या हातात दिल्यावरही त्या उभ्याच राहिल्या. मग त्याच्या आईच्या नर्सिंग होमचा नंबर विचारला. तो म्हणाला, मी सांगतो घरी जाऊन. त्या म्हणाल्या, नाही, मला सांगायला हवं.

त्यांनी नंबर फिरवला. यशोधराबाईंना बोलावून आणेपर्यंत वेळ गेला. पलीकडून "हॅलो, कोण?" ऐकू आले, इतकी खोली शांत होती. मालिनीताईंनी आपले नाव सांगितले आणि पुढचे काही सुचेना. हात टेबलावरच्या कागदांवर नुसता फिरत राहिला. शेवटी त्यांनी माझ्यासमोरचे निवेदन ओढून घेतले आणि पहिल्या ओळीपासून यशोधराबाईंना वाचून दाखवू लागल्या.